विश्लेषण : मुलगा दुबईत, फ्लॅट डोंबिवलीत... कागद नेमके कुठे अडकतात?

ठाणे, डोंबिवली, कल्याणमधील जुन्या सोसायट्यांत असा एखादा फ्लॅट हमखास असतो, ज्याचा मालक दुबई, टोरंटो किंवा न्यू जर्सीत आहे आणि किल्ली आई-वडिलांकडे. माणूस विमानात बसून निघून जातो. बँक, सोसायटी, भाडेकरार या सगळ्या कागदांवर मात्र तो इथलाच रहिवासी राहतो. परदेशस्थांच्या बहुतेक कायदेशीर अडचणींचे मूळ या एका विसंगतीत आहे. तिचा त्रास आधी इथे राहणाऱ्या आई-वडिलांना, भाडेकरूला आणि घर विकत घेणाऱ्याला होतो.

परदेशी गेल्यावर नेमके काय बदलते?

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे १९९९ चा ‘फेमा’, साधा निकष लावतो. नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळाच्या वास्तव्यासाठी देश सोडला की व्यक्ती अनिवासी ठरते. प्राप्तिकरासाठी मात्र वर्षातील मुक्कामाचे दिवस मोजले जातात. त्यामुळे ‘सहा महिने झाले की बघू’ हा हिशोब बँकेच्या बाबतीत चालत नाही. साधे बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते. पीपीएफचे जुने खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही. फेमाच्या उल्लंघनात रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्याकडे मात्र जुने एटीएम कार्ड आईकडे देऊन मुलगा निघतो आणि खाते वर्षानुवर्षे तसेच राहते.

भाडेकरूचा काय संबंध?

घरमालक भारतात राहत असेल तर महिन्याला ५० हजारांपर्यंतच्या भाड्यावर सामान्य भाडेकरूला टीडीएस कापावा लागत नाही. मालक अनिवासी असेल तर ही मर्यादाच नाही. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के रक्कम कापून सरकारकडे भरायची असते. २० हजार भाडे असेल तर दरमहा ६,२४० रुपये. ती कापली नाही तर व्याजासह जबाबदारी भाडेकरूवर येते. ज्याला मालक कुठे राहतो हेच कुणी सांगितले नाही, त्याच्यावर ही वेळ येणे अन्यायाचे आहे. मालकाने खरी स्थिती सांगितली तर कापलेली जादा रक्कम विवरणपत्र भरून परत मिळवता येते.

दुसरी अडचण करारनोंदणीची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ऑनलाइन नोंदणीत आधारवरील अंगठ्याची पडताळणी लागते. मालक मस्कतमध्ये असल्याने मग नोटरीच्या शिक्क्यावर काम उरकले जाते. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे तेव्हा लक्षात घेतले जात नाही.

फ्लॅट विकताना फटका किती?

समजा, २० लाखांना घेतलेला फ्लॅट आता ४८ लाखांना विकला. विकणारा निवासी असता तर ५० लाखांखालील व्यवहार म्हणून टीडीएस लागला नसता. अनिवासी विक्रेत्याला ही सूट नाही. २३ जुलै २०२४ नंतरच्या दराने दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आणि उपकर धरला तर २८ लाखांच्या नफ्यावर ३ लाख ६४ हजार रुपये होतात. मात्र नफा किती हे खरेदीदार स्वतः ठरवू शकत नाही. तो सुरक्षित राहण्यासाठी पूर्ण ४८ लाखांवर कापतो, म्हणजे ६ लाख २४ हजार. फरकाची रक्कम परताव्यापर्यंत अडकून पडते. यावर उपाय म्हणजे प्राप्तिकर विभागाकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आधीच घेणे. त्याला वेळ लागतो, म्हणून टोकन घेण्यापूर्वीच अर्ज करावा.

मुखत्यारपत्र कुठे अडते?

सध्या सर्वाधिक धावपळ इथे होते, कारण पुनर्विकास. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने सोसायटी पुढे जाऊ शकते. पण पर्यायी जागेचा करार प्रत्येक सभासदाला स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. अशा वेळी परदेशातील एका सहीसाठी काम खोळंबते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सही करून स्कॅन पाठव’ असा निरोप जातो. स्कॅन चालत नाही.

नोंदणी कायद्यानुसार परदेशातील व्यक्तीचे मुखत्यारपत्र तिथल्या नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्यासमोर झालेले हवे. मूळ प्रत महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. विक्रीचे अधिकार आई-वडील, भावंडे, पती-पत्नी, मुले अशा जवळच्या नातेवाइकांना विनामोबदला दिले तर शुल्क नाममात्र असते. मित्राला किंवा एजंटला दिले तर खरेदीखताइतके लागू शकते. मजकूरही नेमका हवा. फक्त भाडेकरारासाठी केलेल्या मुखत्यारपत्रावर पुनर्विकासाचा करार करता येत नाही. शिवाय देणारा किंवा घेणारा यांपैकी कुणाचेही निधन झाले की ते सामान्यतः संपते. वडील सत्तरीपार असतील तर बहिणीचेही नाव घालून ठेवणे शहाणपणाचे.

लांबून गुंतवणूक करावी का?

मुरबाड, शहापूरच्या ‘फार्महाऊस प्लॉट’च्या जाहिराती परदेशातील मोबाइलवरही पोहोचतात. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक यांना शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने मिळालेले ठेवता येते. त्याखेरीज महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी सर्वसाधारणपणे शेतकरी असावे लागते. त्यामुळे प्लॉट अधिकृतपणे बिगरशेती आहे का, हे आधी तपासावे.

फ्लॅटबाबतचा धडा डोंबिवलीनेच दिला आहे. पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिले. इथेच राहणाऱ्यांना ही फसवणूक कळली नाही, तर व्हिडीओ कॉलवर सॅम्पल फ्लॅट पाहणाऱ्याला कशी कळणार? महारेरा क्रमांकावर न थांबता बांधकाम परवानगी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नगररचना विभागातून पडताळून घेणे, हा खर्च वाचवण्याचा नाही.

छोट्या वाटणाऱ्या चुका कोणत्या?

पहिली, सिमकार्ड. ९० दिवस वापर नसेल आणि शिल्लकही नसेल तर क्रमांक बंद होऊ शकतो. आधार, बँक, प्राप्तिकर सगळ्यांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. दुसरी, नाव. करारात ‘एस. व्ही.’, पासपोर्टवर पूर्ण नाव, लग्नानंतर आडनाव वेगळे, वडिलांचे नाव कुठे आहे, कुठे नाही. आपल्याला ही एकच व्यक्ती वाटते, दुय्यम निबंधक कार्यालयाला वाटेलच असे नाही. तिसरी, पासपोर्ट. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. मुदत शिल्लक असली तरी भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, त्यावर मतदान करता येत नाही.

मग जबाबदारी कुणाची?

‘नियम माहीत नव्हता’ ही सबब कायदा मानत नाही, हे खरे. पण व्यवस्थेनेही योग्य वेळी विचारायला हवे. भाडेकराराच्या अर्जात ‘मालक अनिवासी आहे का?’ हा प्रश्न ठळक असावा आणि उत्तर ‘हो’ असेल तर भाडेकरूला टीडीएसची सूचना तिथेच मिळावी. सोसायट्यांनी परदेशस्थ सभासदांची वेगळी नोंद ठेवून पुनर्विकासाच्या पहिल्याच सभेपूर्वी मुखत्यारपत्राचा नमुना पाठवावा. तो करार ठरल्यावर पाठवून उपयोग नाही.

तोवर काम कुटुंबालाच करायचे आहे. व्हिसा आल्यापासून विमान सुटेपर्यंत मसाले, लोणची, गरम कपडे यांची यादी होते. त्याच यादीत बँकेचा अर्ज, मुखत्यारपत्र, नावातील दुरुस्ती आणि सिमचे रिचार्ज या चार ओळी वाढवाव्यात. समोर बसून सही करून घ्यायला इथे एक दुपार लागते. तीच सही तिकडून मागवताना दूतावासाची वेळ, कुरिअर, मुद्रांक असे काही आठवडे सहज जातात, आणि दुय्यम निबंधक कार्यालयाच्या रांगेत उभे राहतात ते आई-वडील.