स्वस्त निविदेचा अपुरा हिशेब

पर्यावरणाचा विचार करून खरेदी करणे म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे पुण्यातल्या हडपसरच्या कारखान्यांपासून सरकारी खात्यांपर्यंत सर्रास ऐकू येते. हा समज चुकीचा आहे.

एलईडी दिव्यांच्या उजाला योजनेचेच बघा. सरकारी कंपनीने देशभरची मागणी एकत्र करून निविदा काढल्या. २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. महाग होती ती सुटी, विखुरलेली खरेदी.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: पर्यावरणाच्या अटींमुळे अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव मिळतो. भीती रास्त आहे, पण मर्जी शिरते ती मोघमपणातून. 'पर्यावरणपूरक असावे' एवढेच लिहिले तर कुणालाही पात्र ठरवता येईल. वीज किती खाईल, किती वर्षे टिकेल, जुना माल कोण परत नेईल, हे आधी लिहा आणि मग खुशाल सर्वांत कमी दर निवडा. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतही ठरावीक विद्युत उपकरणांना किमान स्टार दर्जाचे बंधन आहेच.

सेवा घेतानाही हेच. हडपसरलगतच्या भेकराईनगर आगारातून २०१९ पासून पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक बससेवेच्या, इलेक्ट्रिक बस धावतात. बस आणि चालक कंत्राटदाराचे. पीएमपी पैसे मोजते ते किलोमीटरमागे. बस बिघडून उभी राहिली तर तोटा कंत्राटदाराचा, म्हणून ती टिकवण्यात स्वार्थही त्याचाच. 'वीज शेवटी कोळशाचीच' असे यावर म्हणतात. आज बरीचशी आहे. पण तीच बस उद्या सौरविजेवर चालेल. डिझेलच्या बसला ती सोय नाही आणि तिचा धूर सोलापूर रस्त्यावरच्या माणसांच्या छातीत जातो.

निविदेतल्या दरात हा धूर धरलेला नसतो. फेकून दिलेल्या मालाची विल्हेवाटही नसते. पुणे शहराचा कचरा फुरसुंगी-उरुळी देवाची या गावांनी वर्षानुवर्षे सोसला. विहिरींचे पाणी नासले, गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या. तो खर्च कोणत्या खरेदी विभागाने आपल्या वहीत मांडला?

छोटे पुरवठादार बाहेर फेकले जातील, ही चिंता मात्र मला मान्य आहे. म्हणून त्यांच्याकडे महागडी प्रमाणपत्रे मागू नयेत. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. तिची पात्रता तिच्या कामात आहे. हडपसरजवळच्या रामटेकडीच्या छोट्या वर्कशॉपलाही तसेच तपासा: दुरुस्ती करून देते का, सुटे भाग ठेवते का, रिकामे खोके परत नेते का.