रेडिओलाही हवी पृच्छना

'श्रावक' या शब्दाचा मूळ अर्थच 'ऐकणारा' असा आहे. जैन परंपरेने श्रवणाला मोठे स्थान दिले. परंतु ऐकून गप्प राहणे तिला पुरेसे वाटले नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचनेच्या पाठोपाठ येते ती पृच्छना, म्हणजे शंका विचारणे. स्थानिक रेडिओच्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना हा क्रम फार उपयोगी ठरतो.

एके काळी पेढीवर सकाळी दिवाबत्ती झाली की रेडिओ लागत असे. भक्तिगीते, हवामान आणि बाजारभाव ऐकतच गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू होई. आज रेडिओ हातातल्या मोबाइलमध्येही आहे. परंतु त्यावर येणारा आवाज बहुधा दूरच्या शहरातला असतो. सर्व गावांना तीच गाणी आणि तेच निवेदन. जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र असते, मनोरा असतो. मात्र त्या जिल्ह्यातील गायक, शेतकरी, गृहिणी आणि व्यापारी यांचा आवाज त्यावर क्वचितच उमटतो. मग श्रोता हळूहळू दुरावतो आणि श्रोता नाही म्हणून स्थानिक कार्यक्रम आणखी कमी होतात.

हे चक्र उलट फिरविता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूर या भागांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावातील वीसेक माणसे एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे अशी तुलना त्यात होती. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती किरकोळच राहिली. यंत्र तेच आणि कार्यक्रमही तेच होते. फरक पडला तो पृच्छनेमुळे.

दुसरे उदाहरण कलावंतांचे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. अवघ्या दीड वर्षात, १९५५ च्या रामनवमीपासून, या नवख्या केंद्राने 'गीतरामायण' प्रसारित करण्यास आरंभ केला. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत लाभलेली ही ५६ गीतांची मालिका आठवड्याला एक गीत अशा रीतीने वर्षभर चालली. ठरलेली वेळ, दर वेळी काहीतरी नवे आणि श्रोत्यांच्या स्वतःच्या भाषेतील कलावंत या तीन गोष्टींनी घराघरांतील माणसे रेडिओभोवती गोळा झाली. प्रत्येक गावाला माडगूळकर लाभणार नाहीत. परंतु ठरलेल्या वेळी नव्या कलावंताला ध्वनिक्षेपकासमोर उभे करणे कोणत्याही केंद्राला अशक्य नाही.

आजच्या काळात ही वाट सामुदायिक रेडिओने मोकळी केली आहे. २००६ च्या धोरणानुसार शैक्षणिक संस्थांबरोबरच स्वयंसेवी संस्थांनाही असे केंद्र चालविण्याची परवानगी मिळू लागली. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, अशी अट त्यात आहे. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड येथे 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ पासून चालते. माणदेशातील माणसे तेथे आपल्याच बोलीत बोलतात आणि गातात. आपल्या शेजाऱ्याचा आवाज रेडिओवर ऐकल्यावर उद्या आपणही जावे, असे दुसऱ्याला वाटू लागते.

प्रश्न उरतो पैशाचा. तो टाळून चालणार नाही. भारतात १९२७ मध्ये मुंबईत 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' मोठ्या उत्साहात सुरू झाली आणि तीन वर्षांतच, १९३० मध्ये, तिला गाशा गुंडाळावा लागला. भांडवल अपुरे होते, परवानाधारक थोडे होते आणि खर्च मात्र दररोजचा होता. नुसत्या हौसेवर केंद्र चालत नाही, हा त्यातील धडा. सामुदायिक केंद्रांना स्थानिक व्यवसाय व सेवांच्या जाहिराती ठरावीक मिनिटांपुरत्या प्रसारित करता येतात. तालुक्याच्या गावातील पंचवीस दुकानदारांनी दरमहा एक हजार रुपयांची जाहिरात दिली, तर वर्षाला तीन लाख रुपये जमतात. दिवाळीच्या एका फलकावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने ही रक्कम कोणत्याही पेढीला जड नाही. बदल्यात जाहिरात नेमक्या आपल्याच गिऱ्हाइकाच्या कानी पडते.

पैशाइतकेच महत्त्व सहभागाला आहे. पाठशाळेतील मुलांची कथाकथने, महिला मंडळांची भजने, गावातील तबलावादक आणि शाहीर यांच्यासाठी आठवड्यातील एक तास राखून ठेवता येईल. तो थेट प्रसारित व्हावा. थोडी अडखळलेली तान किंवा हसू श्रोत्याला खटकत नाही, उलट आपलेसे वाटते. दुसरा तास प्रश्नांचा असावा. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र, मोबाइलवरून होणारी फसवणूक, पीकविमा, वृद्धांची औषधे अशा विषयांवर श्रोत्यांनी दूरध्वनीवरून विचारावे आणि गावातीलच जाणकाराने उत्तर द्यावे. तत्काळ उत्तर देता आले नाही, तर पुढच्या आठवड्यात ते आवर्जून द्यावे. कारण ज्याचा प्रश्न हवेत विरतो, तो श्रोता पुन्हा विचारीत नाही. कलावंताला मानधन थोडे असले तरी चालेल. ते वेळेवर मिळाले पाहिजे.

चातुर्मासात प्रवचनाला बसणारा श्रावक ऐकतो, शंका विचारतो आणि घरी जाऊन त्यावर मनन करतो. श्रवणाची ही शिस्त ज्या समाजाच्या अंगवळणी पडली आहे, त्याने आपल्या तालुक्यातील एका केंद्राला पाठबळ देण्यास पुढे यावे. येत्या चातुर्मासात एखाद्या गावाच्या संघाने वीस जणांचे एक श्रोतृमंडळ जरी स्थापन केले आणि दर आठवड्याला एक प्रश्न केंद्राकडे पाठविला, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.