हाताची चव आणि कोठीतले तांदूळ

'आजीच्या हातची चव सुनांच्या हाती उतरली नाही' ही तक्रार आपल्या समाजाच्या मेळाव्यांत इतक्या वेळा ऐकू येते की, तीत तथ्य किती हे तपासण्याचे श्रम कोणी घेत नाही. माझ्या मते ही तक्रार निव्वळ अन्यायाची आहे. हात बदललेले नाहीत. कोठीतले तांदूळ बदलले आहेत, आणि ते सुनांनी बदललेले नाहीत.

उदाहरण घरचेच देतो. बालाघाट जिल्ह्यातील बिरसा हे आमचे गाव. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. आमची शाळेची भाषा बदलली, नैवेद्य मात्र बदलला नाही. तो नैवेद्य म्हणजे चिन्नोर तांदळाची खीर. आजी तांदूळ धुऊन सावलीत सुकवी, तुपाचा हात लावून जाडसर भरडी आणि दुधात मंद आचेवर शिजवी. साखर अगदी शेवटी. आधी पडली तर कणी मऊ होत नाही. वेलदोडा, केशर, जायफळ काही नाही. कोणी वेलची पुढे केलीच तर ती विचारी, "का रे, तांदळाला वास नाही का?"

आज तीच कृती, तेच दूध, तोच मंदाग्नी. पण तांदूळ बाजारचा, निर्गंध. बिचारी सून वेलची घालते आणि आम्ही नाक मुरडतो!

चिन्नोर गेला कसा? त्याचे रोप उंच वाढते, दाणा भरला की वाऱ्याने आडवे होते. पिकायला दिवस अधिक, उतारा कमी. १९६६ साली 'आय. आर. ८' आला आणि त्याच्यामागून बुटके, भरघोस वाण आले. त्यांनी देशाच्या तोंडी घास घातला. त्यांना दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कोठ्या भरल्यानंतरही निदान एक बांधी सुवासिक धानासाठी राखावी, हे कोणास सुचले नाही. बियाणे निवडण्याचा निर्णय ओसरीवर झाला. स्वयंपाकघरास कोणी विचारले नाही.

पाककृती लिहून ठेवल्या की परंपरा सुरक्षित झाली, असे समजणारा एक वर्ग आहे. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाची 'रसचंद्रिका' १९४३ साली निघाली, तिचे उपकार अनेक संसारांवर आहेत. पण पुस्तकात कृती मावते, तांदूळ मावत नाही. डॉ. राधेलाल रिछारियांनी मध्यप्रदेश-छत्तीसगढातून धानाचे हजारो वाण गोळा केले. तो ठेवा रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे. शीतपेटीतले बी वाचते खरे; शेतात ते कोणी लावले नाही, तर त्याची खीर होत नाही.

२०२१ साली बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट! (बासमतीच्या नावासाठी मध्यप्रदेश शासन वर्षानुवर्षे न्यायालयात झगडले, त्यातला थोडा उत्साह चिन्नोरच्या वाट्याला आला असता तर बरे झाले असते.) पण मानांकनाने नावाचे रक्षण होते, धान विकत घ्यायला गिऱ्हाईकच लागते.

ते गिऱ्हाईक आपली देवस्थाने का होऊ नयेत? कित्येक देवळांत नैवेद्याचे तांदूळ सर्वांत कमी भावाच्या दुकानदाराकडून येतात. देवापुढे आपण अक्षता म्हणून अभंग दाणा निवडून ठेवतो, आणि त्याच्या पानात मात्र मिळेल तो तांदूळ वाढतो. हा प्रश्न बालाघाटचाच नव्हे. गोव्याच्या खाजनांत खारे पाणी सोसणारा कोरगूट पिकवणाऱ्यालाही हेच विचारा. कोकणात नवान्न पौर्णिमेला लोंब्या दारी बांधल्या जातात. त्या कोणत्या वाणाच्या, हे किती विश्वस्तांना सांगता येईल?

यावर 'देव भावाचा भुकेला' हे उत्तर ठरलेले असते. वचन खरे आहे. मात्र सभामंडपाला संगमरवर बसवायचा ठराव येतो तेव्हा ते कोणी उच्चारल्याचे मी ऐकलेले नाही.

महाप्रसादाच्या शेकडो पानांचा खर्च मी मागत नाही. केवळ गाभाऱ्यातल्या नैवेद्यापुरते वर्षाचे तांदूळ, पिकवणाऱ्याशी पेरणीपूर्वी भाव ठरवून आणि थोडी उचल देऊन घ्यावेत, एवढेच म्हणणे आहे. आमच्याकडे पऱ्हे ज्येष्ठात टाकतात. विश्वस्तांनी त्याआधी एक बैठक बोलवावी, आणि तिला घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनाही बसवावे.