परिचर्येच्या विद्यार्थिनीची भीती आणि आपली जबाबदारी

दरवर्षी परिचर्या महाविद्यालयाची नवी तुकडी बालरुग्ण विभागात पोस्टिंगसाठी येते, तेव्हा पहिल्या सकाळी एक दृश्य हमखास दिसते. कडक इस्त्रीच्या गणवेशातील एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी औषधांचा ट्रे घेऊन एखाद्या खाटेपाशी उभी असते. ट्रेमधील चिमटा आणि वाटी एकमेकांवर आपटून बारीक आवाज होत असतो, कारण तिचा हात थरथरत असतो. बाळाची आई आधी तिच्याकडे पाहते, मग आपल्याकडे. आपण घाईत असतो. आपण पुढच्या खाटेकडे वळतो.

आपल्या स्मरणिकेत आपण नव्या लसी, नवी उपकरणे आणि नव्या उपचारपद्धती यांविषयी आवर्जून लिहितो. या खेपेस मात्र मला त्या थरथरणाऱ्या हाताविषयी लिहावेसे वाटते. प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणात विद्यार्थिनींना वाटणारी भीती हा त्यांच्या महाविद्यालयाचा प्रश्न आहे, आपला नव्हे, अशी आपली समजूत असते. माझीही कित्येक वर्षे होती. ती चुकीची होती, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम या भीतीचे स्वरूप पाहू. मोठ्यांच्या वॉर्डातून बालरुग्ण विभागात आलेल्या विद्यार्थिनीला येथे सारेच वेगळे भासते. तिकडे एक गोळी म्हणजे एक गोळी. येथे प्रत्येक मात्रा वजनावर ठरते. साधे पॅरासिटामॉल घ्या. सहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने ९० मिलिग्रॅम द्यावयाचे. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ३.६ मिलिलिटर, आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स असतील तर ०.९ मिलिलिटर. नाव तेच, बाटलीवरचे चित्रही बहुधा तसेच. बाटलीची गल्लत झाली तर मात्रा चौपट होते. पहाटे तीन वाजता, शेजारी मूल किंचाळत असताना हे गणित करावयाचे असते. तान्ह्या बाळाची शीर तर आपल्यालाही दोन-दोनदा चकवते.

आपल्या बेळगावात याच्या जोडीला भाषेचा प्रश्न येतो. विद्यार्थिनी अनेकदा केरळमधून आलेली असते. पहिल्या खाटेवरची आई चंदगडकडची, मराठी बोलणारी. दुसरी गोकाकची, कानडी बोलणारी. तिसरी गोव्याहून आलेली, कोंकणी बोलणारी. बाळाने किती वेळा दूध घेतले, एवढे विचारायचे तरी या मुलीला आधी शब्द जुळवावे लागतात. त्यात एखाद्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत एखादे बालक दगावते. आयुष्यात पहिल्यांदा मृत्यू पाहिलेली ती मुलगी अर्ध्या तासाने दुसऱ्या बाळाचे तापमान लिहीत असते, आणि तिला कोणी काही विचारीत नाही.

एवढी भीती या कामात स्वाभाविक आहे. किंबहुना जिला मुळीच भीती वाटत नाही अशा विद्यार्थिनीची मला अधिक काळजी वाटते. परंतु याखेरीज आणखी एक भीती असते, आणि तिची ओळख मला फार उशिरा, स्वतःच्या चुकीतून झाली.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असलेले पाच किलो वजनाचे बाळ माझ्याकडे दाखल होते. धाप लागत होती, यकृत वाढलेले होते. मी डिजॉक्सिनचे द्रावण लिहिले. एका मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम असलेले ते द्रावण अर्धा मिलिलिटर, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा द्यावयाचे होते. केस पेपरवर मी शून्य न लिहिता नुसता दशांशचिन्हाचा टिंब देऊन पाच लिहिला. टिंब कागदावर जेमतेम उमटला होता.

औषध देण्याचे काम एका विद्यार्थिनीकडे आले. तिने शिकविल्याप्रमाणे आधी पूर्ण एक मिनिट बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले, ते लिहिले आणि मग औषधाच्या मापात पाच मिलिलिटर द्रावण काढले. मात्रा दसपट झाली होती. डिजॉक्सिनच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दैव बलवत्तर म्हणून हँडओव्हर घेणाऱ्या सिस्टरांची नजर त्या मापाकडे गेली. "अगं, एवढं कुणाला देतेस?" असे विचारून त्यांनी ते तिच्या हातातून घेतले. बाळाच्या तोंडात थेंबही गेला नाही.

मी काय केले? मी त्या मुलीला सर्वांसमोर बोललो. ती खाली मान घालून उभी राहिली. संध्याकाळी वॉर्डात परत आलो तेव्हा सिस्टरांनी तो केस पेपर मुकाट्याने माझ्यापुढे ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "सर, तिला ते जास्त वाटलं होतं. सकाळी राउंडच्या वेळी दोनदा तुमच्याजवळ येऊन ती परत गेली."

ती का परत गेली, हे मला विचारावे लागले नाही. आदल्याच दिवशी तिने मला मायक्रोड्रिप संचाविषयी एक शंका विचारली होती. त्यात ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणून तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब, एवढे साधे उत्तर होते. ते देण्याऐवजी मी म्हणालो होतो, "एवढंही येत नाही, तर इथं आलात कशाला?" बाळाची आजी, निवासी डॉक्टर, तिच्या वर्गातील मुली सारे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तिला पडलेली शंका अगदी बरोबर होती. ती तोंडातून बाहेर येण्याची वाट मीच आदल्या दिवशी बंद केली होती.

त्या तुकडीचे पोस्टिंग संपले. त्या मुलीने पुढे शिक्षण पूर्ण केले की नाही, हे मी कधी विचारले नाही. आज याची खंत वाटते.

तेव्हापासून मी या भीतीचे दोन भाग करतो. माझ्या हातून बाळाला इजा तर होणार नाही ना, ही पहिली भीती. ती मात्रा पुन्हा तपासायला लावते, बाटलीवरचे लेबल दोनदा वाचायला लावते. माझे हसे होईल, सर रागावतील, ही दुसरी. ती विचारू देत नाही आणि चूक झाल्यास ती लपवावयास शिकविते. पहिली भीती रुग्णाचे रक्षण करते. दुसरी त्याच्या जिवावर उठू शकते, आणि ती बहुतांशी आपल्या स्वरातून जन्माला येते.

अमेरिकेतील संशोधिका एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील निरनिराळ्या विभागांत औषधांच्या चुकांचा अभ्यास करून तो १९९६ साली प्रसिद्ध केला. जेथे कामाचे वातावरण चांगले तेथे चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदींमध्ये उलटेच दिसले. चांगल्या विभागांतच चुकांची नोंद अधिक होती. तेथील परिचारिका अधिक चुका करीत होत्या असा त्याचा अर्थ नव्हे. तेथे चूक सांगण्याची भीती नव्हती, हे त्याचे अधिक पटणारे स्पष्टीकरण ठरले. आपल्या वॉर्डातील नोंदवही कोरी असेल, तर त्यावर समाधान मानण्यापूर्वी थोडा विचार करावा, असे मला वाटते.

यावर आपल्यापैकी काहीजण म्हणतील, आम्हीही बोलणी खाऊनच शिकलो; धाक नसेल तर शिस्त राहणार नाही. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मीही कठोर शिक्षकांच्या हाताखाली शिकलो आणि त्यांचे ऋण मानतो. परंतु आठवून पाहावे. त्यांच्याकडून आपण शिकलो ते त्यांच्या काटेकोरपणामुळे, की त्यांनी चारचौघांत केलेल्या अपमानामुळे? डिजॉक्सिनची मात्रा चुकता कामा नये, हा आग्रह हवाच. तो धरण्यासाठी विद्यार्थिनीचा पाणउतारा करावा लागत नाही. शिवाय अपमान सोसून जे टिकले तेच आज बोलत आहेत. जे मध्येच सोडून गेले त्यांचे म्हणणे आपल्या कानी येत नाही.

आता माझ्या विभागात विद्यार्थिनी येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना काही गोष्टी सांगतो. उपाशीपोटी ड्युटीवर येऊ नये. त्याने भोवळ येऊ शकते. ज्या बाळाची जबाबदारी मिळणार असेल त्याचा केस पेपर आधी वाचून ठेवावा. जी कृती करावयाची तिच्या पायऱ्या वहीत क्रमाने लिहाव्यात आणि आधी पुतळ्यावर सराव करावा. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१-२२ पासून बी.एस्सी. नर्सिंगला सत्रपद्धतीचा नवा अभ्यासक्रम लागू केला. त्यात अशा सरावाला रीतसर स्थान आहे, त्याचा लाभ घ्यावा. हात थरथरू लागला तर ट्रे खाली ठेवून चार श्वास सावकाश सोडावेत. तेवढ्याने बाळाचे काही बिघडत नाही. "हे मी पूर्वी केलेले नाही, आपण शेजारी उभ्या राहाल का?" हे वाक्य म्हणण्यात कमीपणा मानू नये. बालकाच्या मात्रेचे गणित दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे करवून घ्यावे आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावरच औषध भरावे. चूक झालीच, तर प्रथम बाळाकडे धाव घ्यावी आणि त्याच क्षणी सांगावे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. पहिल्या काही दिवसांची धडधड बहुतेकींची सरावाने कमी होते. परंतु आठवडे उलटले तरी झोप लागत नसेल, ड्युटीच्या सकाळी उलट्या होत असतील, जीव नकोसा वाटत असेल, तर तो मनाचा दुबळेपणा नव्हे. तेथे समुपदेशकाची किंवा मनोविकारतज्ज्ञाची मदत हवी. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. वसतिगृहाच्या फलकावर हा क्रमांक लिहिलेला असावा.

हे झाले त्यांच्यासाठी. आपल्यासाठी मी जे नियम केले तेही येथे नोंदवितो. दशांशचिन्हापूर्वी शून्य लिहिल्याशिवाय सही करावयाची नाही. बालकाच्या केस पेपरवर वजन, किलोमागे मात्रा आणि एकूण मात्रा तिन्ही लिहावयाच्या, म्हणजे वाचणाऱ्याला माझी चूक पकडता येते. फोनवरून औषध सांगितले तर समोरच्या व्यक्तीकडून ते परत म्हणवून घ्यावयाचे. विद्यार्थिनीला "ए स्टुडंट" अशी हाक न मारता नावाने बोलवावयाचे. तिची चूक दाखवावयाची ती खाटेपासून दूर, नातेवाइकांच्या कानांआड. आणि तिने माझी चूक दाखविली, तर ती मात्र सर्वांसमोर मान्य करून तिचे आभार मानावयाचे. हा शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे. माझ्याकडून तो नेहमी पाळला जातोच असे नाही.

वॉर्डात मनुष्यबळ अपुरे असते, हे मी जाणतो. विद्यार्थिनीला शिकण्यापेक्षा मोकळे हात म्हणून वापरण्याचा मोह रुग्णालयांना होतो. त्याविरुद्ध संस्थांनी आणि शासनाने बरेच काही करावयास हवे. पण शून्य लिहावयास पैसे लागत नाहीत, आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलीला उत्तर देण्यास अर्धा मिनिट पुरतो.

१२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी परिचारिका दिन साजरा होतो. त्या दिवशी आणि विद्यार्थिनींच्या दीपप्रज्वलनाच्या सोहळ्यात आपल्यापैकी अनेकांना पाहुणे म्हणून बोलावणे येते. आपण सेवाभावावर चांगली भाषणे करतो. माझी विनंती एवढीच, की दुसऱ्या दिवशी राउंड घेताना ट्रे धरून उभ्या असलेल्या मुलीपाशी क्षणभर थांबावे आणि तिला विचारावे, "काही शंका आहे का?" आणि मग तिचे उत्तर येईपर्यंत पुढच्या खाटेकडे वळू नये.