ही बाई कोण?

गेल्या महिन्यात गिरडला गेलो होतो. फरीदबाबांच्या टेकडीवरून उतरून एका परिचितांकडे चहाला बसलो, तर त्यांच्या सुनेने आतून एक दोनशेपानी वही आणून हाती दिली. कथा होत्या, आणि चांगल्या होत्या. म्हटले, "मासिकाकडे पाठव की!" तशी ती हळूच म्हणाली, "काकाजी, आधी एखादं टोपणनाव सुचवा ना. घरचे वाचतील."

परतीच्या एस. टी.त विभावरी शिरूरकर आठवत राहिल्या.

१९३३ साली ह. वि. मोटे यांनी त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. शिकलेली, कमावती, पण लग्न न झालेली मुलगी आणि तिच्या पगाराची सवय लागलेले आईबाप, हे घरोघरचे चित्र पुस्तकात आले आणि पांढरपेशा महाराष्ट्र खडबडून उठला. पाठोपाठ 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. नवऱ्याने टाकलेली अचला लग्नाविना दुसऱ्या पुरुषाशी संसार मांडू पाहते, म्हणून पुन्हा गदारोळ. लेखनाइतकीच चर्चा झाली ती एका प्रश्नाची : ही बाई कोण?

ती होती बाळूताई खरे. जन्म १९०५चा, शिरूर-घोडनदीकडचा. कर्व्यांच्या शिक्षणसंस्थेत शिकलेली आणि शिकवणारी. विभावरी म्हणजे रात्र. त्या रात्रीच्या आडोशाने तिने दिवसाढवळ्या न बोलता येणारे लिहिले. इंग्लंडातही १८११ साली जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी नुसतीच 'एका स्त्रीने लिहिलेली' म्हणून निघाली होती, आणि पुढे शार्लट ब्राँटीने करर बेल हे नाव घेतले होते.

याला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. नोकरी करणाऱ्या अविवाहित शिक्षिकेला तो आडोसा नसता, तर ती पुस्तके कदाचित झालीच नसती. पण त्याची किंमतही तिनेच मोजली. पुस्तकाचे कौतुक होत असताना 'हे माझे' म्हणता येऊ नये, ही साधी गोष्ट नव्हे. बँकेत असताना मी पाहिले आहे : पैसे बाईचे, खाते बाईचे, पण सही करण्याआधी तिची नजर नवऱ्याकडे जायची.

१९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालतीबाई झाल्या. सोलापूरला 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत त्यांनी काम केले, आणि त्यातून १९५० साली 'बळी' ही कादंबरी आली. स्वतःच्या आयुष्यापलीकडचे त्या किती पाहू शकत होत्या, याचा तो पुरावाच. १९८१ साली मुंबईच्या समांतर साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. २००१ साली वारल्या.

मग आजच्या सुनेला आडोसा का लागावा? दोष तिचा नाही, वाचणाऱ्या आपला आहे. बाईने कथा लिहिली की आपण विचारतो, "हे तुझंच ना?" माझ्या एका कादंबरीत कॅशियर अफरातफर करतो, म्हणून कुणी माझी तिजोरी मोजायला आले नाही.

मी त्या मुलीला टोपणनाव सुचवले नाही. हवे असेल तर ते तिने स्वतः निवडावे. तिच्या सासऱ्यांना मात्र निघताना एवढेच सांगून आलो : कथा छापून आली की जरूर वाचा, शेजाऱ्यांनाही दाखवा; पण त्यातली सासू कोण, हे तिला विचारू नका.