मोटारीचें कुलूप आणि अपरात्रींचा आक्रोश

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. घर एकत्र कुटुंबाचें, माणसें अकरा, मोटार एक. श्रावणाची झड लागल्यापासून ही मोटार रात्रीं दीड-दोनच्या सुमारास एकाएकीं आक्रोश करूं लागते. दिवे लुकलुकतात, आवारांतील सर्व बिऱ्हाडें जागीं होतात, आणि हृद्रोगानें अंथरुणास खिळलेल्या सासूबाई दचकून उठून बसतात. कारागिराकडे गाडी दोनदां नेली. पहिल्या खेपेस त्यानें बॅटरी बदलली. दुसऱ्या खेपेस ‘आंतली पेटीच गेली आहे’ असें निदान करून बरीच मोठी रक्कम सांगितली. धाकटे दीर म्हणतात, भोंग्याची तारच कापून टाकूं. काय करावें?

तार कापूं नये, आणि पेटीहि इतक्यांत बदलूं नये. वर्गांत ओरडतो तो मुलगा प्रत्येक वेळीं खोडकर असतोच असें नाहीं. पुष्कळदां मागच्या बाकावरून कोणीं तरी त्याला चिमटा काढलेला असतो. मोटारीचा भोंगा बहुधा आपण होऊन ओरडत नाहीं. त्याला आज्ञा करणारी एक पेटी असते, आणि ‘कोणी तरी आंत शिरलें’ अशी वर्दी त्या पेटीला देणारे लहान लहान स्विच दारांत, डिकींत व बॉनेटखालीं बसविलेले असतात. त्यांपैकीं एकानें खोटी साक्ष दिली, तरी पेटी ती खरी मानते. अशा वेळीं साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची सोडून न्यायाधीशालाच बडतर्फ करण्यांत काय हंशील?

कारण ठरविण्याची आपल्या न्यायशास्त्रांत एक जुनी रीत आहे: अन्वय आणि व्यतिरेक. अमुक असतां तमुक घडतें, हा अन्वय. अमुक नसतां तमुक घडत नाहीं, हा व्यतिरेक. दोन्ही पटल्यावांचून कार्यकारणभाव मानूं नये. भगिनींच्या पत्रांत एक वाक्य अगदीं सहज आलें आहे. नवी बॅटरी बसविल्यावर चार दिवस गाडी मुकी राहिली, आणि त्या चार दिवसांत पाऊसहि उघडला होता! कारागीर या चार दिवसांचें श्रेय बॅटरीला देतो. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, त्यांतलाच हा प्रकार. बॅटरी नवी असूनहि पाऊस येतांच आक्रोश पुन्हां सुरू झाला; म्हणजे चिमटा काढणारा जो कोणी आहे, त्याचा पाण्याशीं संबंध आहे.

पाण्याशीं सर्वांत जवळचा संबंध बॉनेटखालच्या स्विचचा. तो इंजिनाच्या कोठडींत, झांकणाच्या कडेला, पाणी व चिखल सहज पोंचेल अशा जागीं बसविलेला असतो. त्याचें टोंक गंजलें, रबराची टोपी फाटली, किंवा जोडणींत ओल शिरली, म्हणजे बॉनेट घट्ट लावलेलें असतांहि पेटीला तें उघडल्याची खबर जाते. बॉनेट उघडून हा स्विच बोटानें दाबून पाहावा. तो सहज खालीं जाऊन तत्काळ वर आला पाहिजे. बॉनेट लावल्यावर तो पुरता दाबला जातो कीं नाहीं, हें पाहण्यास टोंकावर कणकेची लहान गोळी ठेवून झांकण लावावें व उघडून ती कितपत चेपली तें पाहावें. गोळी जवळजवळ आख्खीच राहिली, तर स्विच थोडा उंच करून घ्यावा लागेल. संशय बळावला, तर पुस्तिकेंत पाहून त्या स्विचची जोडणी दोन-तीन पावसाळी रात्रीं सोडून ठेवावी. बाजारांतून मागाहून बसविलेल्या पुष्कळ भोंग्यांत जोडणी सोडली असतां पेटी झांकण बंद आहे असें समजते. कांहींत नेमकें उलट असतें, म्हणून पुस्तिका आधीं वाचावी. पाऊस पडूनहि भोंगा गप्प राहिला, कीं व्यतिरेक साधला. स्विच बदलण्याचा खर्च पेटीच्या मानानें नगण्य असतो.

तरीहि आक्रोश चालूच राहिला, तर दारांकडे वळावें. सर्व दारें लावून आंत बसावें, आणि समोरच्या पट्टीवरचें दार उघडें असल्याचें चिन्ह कोणतें दार आंतून ढकलतांना लुकलुकतें तें पाहावें. कांहीं भोंगे कोणत्या साक्षीदारानें वर्दी दिली तें दिव्यांच्या उघडझांपीच्या संख्येवरून कळवितात; ती खूण पुस्तिकेंत असते, पण ती वाचण्याचे कष्ट घेतो कोण? धक्का ओळखणारें यंत्र फाजील हळवें ठेवलें असेल, तर ढगांचा गडगडाट, दिवाळीचे फटाके किंवा शेजारून जाणारा ट्रक त्याला पुरतो. त्याचा लहानसा स्क्रू थोडा फिरवावा. गाडींतील हालचाल ध्वनिलहरींनीं टिपणारें यंत्र असेल, तर काच उघडी ठेवूं नये व आरशाला माळ टांगूं नये.

बॅटरीलाहि सरसकट निर्दोष ठरवितां येणार नाहीं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावून १२.६ व्होल्टच्या आसपास आंकडा दिसला तर ती भरलेली समजावी, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खालीं गेली तर तीच संशयित. इंजिन चालू असतां हा आंकडा सामान्यतः १३.८ ते १४.४ असावा. पण हें मोजून ठरवावें. मोजल्यावांचून बदललेली वस्तु हा निव्वळ जुगार होय.

पुष्कळ गाड्यांत हीच पेटी दारांचीं कुलुपेंहि चालविते, आणि तेथेंहि तीच तर्कपद्धति लागू पडते. एका किल्लीच्या बटणानें कुलुपें हलत नाहींत पण दुसरीच्या हलतात, तर दोष पहिल्या किल्लींत; बहुधा तिची ३ व्होल्टची चपटी बॅटरी संपलेली असते. दोन्ही किल्ल्या निरुपयोगी, पण दारावरचें बटण दाबतां सर्व कुलुपें हलतात, तर किल्लीचा संदेश पेटीपर्यंत पोंचत नाहीं. कशानेंच कांहीं हलत नाहीं, तर प्रथम फ्यूज पाहावा. जळालेला असल्यास तितक्याच क्षमतेचा घालावा, मोठा घालूं नये, आणि त्याच्या जागीं तार गुंडाळण्याचा उद्योग तर मुळींच करूं नये. एकच दार रुसलें असेल, तर पेटीचें नांवहि काढूं नये.

त्या एका दाराचा रोग बहुतेक वेळां बिजागरीपाशीं असतो. दार व गाडीचें अंग यांच्यामध्यें रबराची एक नळी दिसते. तींतून सर्व तारा जातात. चालकाचें दार दिवसांतून वीस वेळां उघडतें, तितक्या वेळां त्या तारा वांकतात, आणि कांहीं वर्षांनीं आंतलें तांबें तुटतें. वरचें आवरण मात्र धड राहतें, म्हणून नुसत्या डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. दार अर्धे उघडें असतां कुलूप चालतें व लावल्यावर चालत नाहीं, किंवा त्याच दाराची काचहि मधूनमधून हटून बसते, तर ही खूण पक्की. बॅटरीची ऋण तार सोडून रबरी नळी मागें सारावी व एकेक तार हळूच ओढून पाहावी. जी रबरासारखी ताणली जाते, ती आंतून तुटलेली. नवा लवचिक तुकडा डाख देऊन जोडावा, आणि सांधे वांकणाऱ्या भागाच्या बाहेर ठेवावे. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा पुढल्या पावसाळ्यांत पुन्हां दगा देतो. पिवळ्या आवरणांतील तारांना हात लावूं नये. त्या सामान्यतः हवेच्या पिशव्यांच्या असतात.

तारा धड असतील, तर कुलपाच्या मोटरीच्या दोन तारांना मीटर लावून एकानें बटण दाबावें व दुसऱ्यानें आंकडा पाहावा. प्रवाह क्षणभरच येतो, म्हणून हें एकट्याचें काम नव्हे. प्रवाह येतो आणि कुलूप हलत नाहीं, तर मोटर गेली किंवा कुलूप धुळीनें जड झालें.

आतां त्या तार कापण्याविषयीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें वसतीच्या भागांत रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि भोंगा तर जवळून १०० च्या वर जातो. शेजाऱ्यांची तक्रार रास्तच आहे. परंतु तार कापली, कीं दोष तसाच राहतो आणि खरा चोर आला तर कळावयाचें नाहीं. शिवाय ज्या भोंग्यांच्या पोटांत स्वतःची बॅटरी असते, ते तार तोडतांच अधिकच ओरडतात. सासूबाईंची झोंप आजपासूनच राखावयाची असेल, तर बटणाऐवजीं किल्लीच्या पात्यानें दार लावून पाहावें. पुष्कळ गाड्यांत असें केल्यानें कुलूप लागतें पण पहारा बसत नाहीं. दुरुस्ती होईपर्यंत एवढी सोय पुरेशी आहे.

पातें सर्वांस ठाऊक असावें, याला याहून मोठें कारण आहे. बटणाच्या किल्लीच्या पोटांत लोखंडी पातें दडविलेलें असतें, आणि चालकाच्या दारावर, कधीं एखाद्या टोपीखालीं, त्याची फट असते. वीज गेली आणि लहान मूल आंत राहिलें, तर मागच्या दारांचें बाल-कुलूप लावलेलें असल्यानें त्याला तीं आंतून उघडतां येत नाहींत, आणि उन्हांतील बंद गाडी पाव-अर्ध्या तासांत जीवघेणी तापते. अशा वेळीं पातें हातीं नसेल तर किल्ली शोधण्यांत वेळ दवडूं नये. ११२ क्रमांकावर कळवावें, आणि मुलापासून सर्वांत दूरची बाजूची काच कोपऱ्यावर घाव घालून फोडावी. समोरची काच दुपदरी असते, ती फुटून पडत नाहीं. घरांतील प्रत्येक मोठ्या माणसानें त्या पात्यानें महिन्यांतून एकदां दार उघडून पाहावें. वर्षानुवर्षें न वापरलेली फट धुळीनें बुजते. तींत तेल घालूं नये, त्याला धूळ अधिकच चिकटते. ग्रॅफाइटची कोरडी पूड घालावी.