ताटातले लोह रक्तात का उतरत नाही?

पश्चिम रेल्वेने बोईसर सोडले की पुढचे स्थानक वाणगाव. हिरवी मिरची आणि ढोबळी मिरची ही या भागाची ओळख. हंगामात येथून मिरचीची पोती आणि क्रेट मोठ्या शहरांच्या बाजारांकडे रवाना होतात. मिरची तोडायला आसपासच्या पाड्यांवरच्या बायका येतात. त्यांच्या घरी संध्याकाळी रेशनचा तांदूळ शिजतो, सोबत पातळ डाळ किंवा थोडे सुकट असते आणि वरून कोरा चहा. शेतातून बाहेर जाणारी मिरची आणि दुकानातून घरात येणारा तांदूळ यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाला वाटत नाही. रक्तक्षयाचा, म्हणजे ॲनिमियाचा, विचार करताना मात्र या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के आहे. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) हेच आकडे अनुक्रमे ४८ आणि ५३.८ टक्के होते. या काळात धान्य स्वस्त मिळत होते, लोहाच्या गोळ्याही वाटल्या जात होत्या, तरी प्रमाण वाढलेलेच दिसले. पालघरसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच जवळचा आहे.

सरकारने यावर काढलेला मोठा उपाय म्हणजे पोषणमूल्ये मिसळलेला, अर्थात फोर्टिफाइड तांदूळ. रेशन, शालेय पोषण आहार आणि अंगणवाडीत असा तांदूळ देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला डिसेंबर २०२८ पर्यंत मुदतवाढ दिली आणि १७ हजार ८२ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून तांदळासारखेच दाणे बनवतात आणि साधारण शंभर दाण्यांमागे असा एक दाणा मिसळतात. पाड्यांवर कधी कधी ज्याला 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून फेकले जाते, तो हाच दाणा. तो प्लास्टिकचा नसतो आणि निवडून टाकायचाही नसतो.

या तांदळाकडून किती अपेक्षा ठेवायची, हे साध्या गणिताने कळते. ठरलेल्या मानकानुसार एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते. माणशी महिन्याला मिळणारे पाच किलो धान्य सगळेच तांदूळ धरले, तरी दिवसाला सुमारे पाच ते सात मिलिग्रॅम लोह पोटात जाईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीच्या रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह हवे. म्हणजे हा तांदूळ गरजेचा जेमतेम पाव हिस्सा भागवतो. तांदळात लोह मिसळण्याच्या प्रयोगांचा कोक्रेन संस्थेने २०१९ मध्ये आढावा घेतला. त्याचा निष्कर्षही सावध होता. शरीरातील लोहाची कमतरता अशा तांदळाने कमी होऊ शकते, रक्तक्षयाच्या प्रमाणात मात्र फारसा फरक दिसत नाही.

याचे कारण समजून घ्यायचे तर घासाबरोबर पोटात उतरावे लागते. तोंडात लाळ मिसळली की पिठूळ पदार्थांचे पचन सुरू होते. जठरात तीव्र आम्ल असते. प्रथिने तुटायला तेथे सुरुवात होते आणि अन्नातले लोह विरघळते ते याच आम्लात. पुढे साधारण सहा मीटर लांबीचे लहान आतडे लागते. त्याचे अस्तर मखमलीसारख्या सूक्ष्म उंचवट्यांनी भरलेले असल्याने शोषणाला भरपूर जागा मिळते. तरी लोहाच्या वाट्याला येतो तो मुख्यतः सुरुवातीचा वीतभर भाग, म्हणजे आद्यांत्र आणि त्याला लागूनचा थोडा टप्पा. तेवढ्या अंतरात जे लोह पेशींनी उचलले ते आपले, उरलेले शौचावाटे बाहेर जाते.

हे दार इतके अरुंद असण्यालाही कारण आहे. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची खास सोय शरीरात नाही. ते साठत गेले तर यकृत आणि हृदयाला अपाय होतो. म्हणून सगळा बंदोबस्त प्रवेशद्वारावरच असतो. शरीराला रोज प्रत्यक्ष लागते ते एक ते दोन-अडीच मिलिग्रॅम लोह. आहारात २९ मिलिग्रॅम सुचवले जाते, कारण धान्य-भाज्यांच्या आहारातले आठ टक्क्यांच्या आसपासच लोह आत शिरेल असे गृहीत धरलेले असते.

लोह दोन प्रकारचे असते. मांस, मासळी, सुकट यांतील लोहाचा मोठा भाग रक्तातील रंगद्रव्याच्या रूपात असतो आणि तो सहज शोषला जातो. नागली, डाळ, पालेभाजी यांतले लोह मात्र वाटेत अडकते. धान्य-कडधान्यांतील फायटेट त्याला बांधून ठेवते. चहातील टॅनिनसारखी द्रव्येही तेच करतात. जेवणासोबत चहा घेतला तर शोषण निम्म्याहून अधिक घटू शकते. पाड्यावरचा कोरा चहा भूक मारण्यासाठी आणि कामाला हुशारी येण्यासाठी घेतला जातो. तो सोडा असे सांगून कुणी सोडणार नाही. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवा, हा सल्ला मात्र पाळता येण्याजोगा आहे आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

वाणगावच्या मिरचीचा संबंध येतो तो इथे. आतड्याची पेशी लोह एका विशिष्ट रूपातच उचलते. अन्नातले लोह त्या रूपात आणण्याचे आणि विरघळलेले ठेवण्याचे काम क जीवनसत्त्व करते. एका जेवणापुरते मोजले तर त्यामुळे शोषण दुप्पट-तिप्पटही होऊ शकते. रोजच्या मिश्र आहारात हा फायदा तितका ठळक राहत नाही, पण ज्या घरात मांस-मासळी क्वचितच शिजते तेथे तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. तांदळात मिसळतात ते फेरिक पायरोफॉस्फेट सहज विरघळणारे नसते. त्यामुळे भाताचा रंग-चव बिघडत नाही, पण शोषणही बेताचेच होते आणि क जीवनसत्त्वाची मदतही त्याला कमीच होते. त्याच ताटातल्या डाळीच्या, नागलीच्या आणि माठाच्या भाजीच्या लोहाला ती मदत अधिक होते.

मिरची आणि क जीवनसत्त्व यांचे नाते तसे जुने आहे. हंगेरीतील सेगेद येथे अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात स्थानिक लाल मिरचीपासून हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शंभर ग्रॅम ताज्या ढोबळी मिरचीत साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज ६५ मिलिग्रॅम आहे. मिरची वाळवली किंवा फार वेळ शिजवली की हे जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. लहान मुलांना तिखट मिरची अर्थातच देता येणार नाही. पेरू, आवळा, भातावर पिळलेले लिंबू किंवा झटपट परतलेली ढोबळी मिरची त्यांना चालते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो गोड आहे, ताकद देणाराही आहे, पण क जीवनसत्त्व त्यात बेताचेच. मिरचीची खरी अडचण भावाची आहे. तोडणाऱ्या बाईच्या लेखी ढोबळी मिरची हा विकायचा माल असतो. तिच्या ताटात ती आलीच तर बाजारात न चालणारी, डागी म्हणून बाजूला काढलेली येते. पोषणाच्या दृष्टीने, कुजका भाग काढून टाकला तर, तीही उत्तमच.

तरीही ताट सुधारले की काम झाले असे होत नाही. वारंवार जुलाब किंवा ताप येत असेल तर शरीर स्वतःच लोहाचे दार लावून घेते. जंतूंना लोह मिळू नये म्हणून यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढवते आणि आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात जाणे थांबते. दूषित पाण्यामुळे सतत आजारी पडणाऱ्या मुलाच्या आतड्याचे मखमली उंचवटे झिजून शोषणाची जागाही घटते. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्तच पितात. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांना त्यांचा धोका अधिक असतो. म्हणून जंतनाशक गोळी, चप्पल, शौचालय आणि शुद्ध पाणी ही सगळी पोषणाचीच साधने मानायला हवीत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या हातून नेमक्या याच गोष्टी सुटतात.

प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावी होत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागेल. बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला शोषले जाते आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळपास नसते. आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा तर आनुवंशिक आजार. त्यात तांबड्या पेशीच अकाली मोडतात. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्राने जुलै २०२३ मध्ये २०४७ पर्यंतची मोहीम सुरू केली. लोह मिसळलेला तांदूळ सिकलसेलच्या रुग्णांनाही सुरक्षित असल्याचे केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केले. पण लोहाने हा आजार बरा होत नाही. थकवा, धाप, फिकटपणा दिसला की आधी रक्ततपासणी आणि मग गोळी, हाच क्रम योग्य.

गरोदरपणात तर नुसत्या आहारावर विसंबून चालत नाही. ६० मिलिग्रॅम लोह असलेली गोळी किमान १८० दिवस घ्यावी लागते. ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर तिचा उपयोग घटतो. शौचाला काळे होते, मळमळते म्हणून अनेकजणी ती मध्येच सोडतात. काळे होणे अपेक्षितच असते, हे आधी कुणी सांगितले असते तर त्यांतल्या काहीजणींनी तरी ती सोडली नसती.

उपायांसाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून २०१५ पासून राज्याच्या आदिवासी भागांत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचे पूर्ण जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. वाणगाव ज्या डहाणू तालुक्यात येते, तो याच क्षेत्रातला. या जेवणात रोज अर्धे लिंबू किंवा थोडी ताजी ढोबळी मिरची घालायची, ती शेजारच्या शेतातून घ्यायची आणि चहा जेवणानंतर तासाभराने द्यायचा, एवढा बदल अंगणवाडीच्या पातळीवरही करता येईल. किती क्विंटल तांदूळ उचलला आणि किती गोळ्या वाटल्या याची नोंद आजही होते. तिच्या शेजारी दर सहा महिन्यांनी किती बायकांचे हिमोग्लोबिन वाढले, हा एक रकाना असायला हवा. धान्य घरापर्यंत पोचले का, याचे उत्तर पहिल्या नोंदीतून मिळते. ते रक्तापर्यंत पोचले का, हे फक्त त्या रकान्यातूनच कळेल.